अपयश सांगता येईल असे घर

(कुटुंबांच्या एकत्रीकरणात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दहावी-बारावीचा निकाल लागतो त्या दिवशी दुपारपासून मध्यमवर्गीय मराठी घरात कोणाकोणाचे दूरध्वनी येतात, हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मामा विचारतात, आत्या विचारते, शेजारचे काका विचारतात. वर्षभरात ज्यांनी त्या मुलाची साधी चौकशी केली नाही, तेही त्या दिवशी आठवणीने विचारतात. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. पण ज्या घरात त्या दिवशी पेढे आलेले नसतात, त्या घरातील मुलगा घंटा वाजली की आतल्या खोलीत जातो. गणितात गुण कमी पडले, ही गोष्ट त्याला निकाल पाहताक्षणीच कळलेली असते. त्यानंतर दिवसभर त्याला जो घाम फुटतो, तो ती गोष्ट एकेकाला सांगावी लागणार या विचाराने.

नोकरी सुटलेल्या गृहस्थाचेही असेच असते. कंपनीने कामावरून कमी केल्यावरही कित्येक दिवस नेहमीच्या वेळी डबा घेऊन घराबाहेर पडणारी आणि बागेत, वाचनालयात किंवा स्थानकाच्या बाकावर संध्याकाळ करणारी माणसे शहरांतून आढळतात. घरखर्चाची चिंता त्यांना असतेच. परंतु ज्या हातांनी डबा भरून दिला, त्या हातांना खरे सांगण्याचे धैर्य त्यांना होत नाही, हे त्यांचे अधिक मोठे दुःख असते. दुकान तोट्यात गेलेला व्यापारी, कर्ज थकलेला शेतकरी, सासरी न पटल्याने आतल्या आत कुढणारी लेक, स्पर्धा परीक्षेचा चौथा प्रयत्न हुकलेला तरुण, या सर्वांच्या मनात अखेर एकच प्रश्न घोळत असतो : आता घरी काय सांगू?

आपण जिला अपयशाची भीती म्हणतो, तिचा फार मोठा भाग हा अपयश सांगण्याच्या भीतीचा असतो. हे एकदा ध्यानात आले, की या विषयाचा विचार केवळ एका व्यक्तीच्या मनोबलापाशी थांबवता येत नाही. तो घरापाशी आणावा लागतो. मन खचलेल्या माणसाला धीर धरायला सांगणे सोपे आहे. त्याला मनातले बोलता येईल असे आपले घर आहे का, हा प्रश्न अधिक अवघड आहे आणि अधिक उपयोगाचाही आहे.

खंत, भीती आणि आजार

प्रथम शब्दांची थोडी स्वच्छता करणे आवश्यक आहे. ‘डिप्रेशन’ हा शब्द आता इतका सैलपणे वापरला जातो, की सामना हरला तरी डिप्रेशन आणि पाऊस लांबला तरी डिप्रेशन. त्यामुळे खऱ्या रुग्णाची हाक ऐकू येईनाशी होते. म्हणून तीन गोष्टी वेगळ्या ओळखल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट खंत. प्रयत्न फसला, आप्त गेले, अपेक्षाभंग झाला की मन उदास होते. असे होणे निकोप मनाचेच लक्षण आहे. अशी उदासी काही काळाने ओसरते. मधल्या काळात माणूस जेवतो, झोपतो, एखाद्या विनोदाला हसतोही.

दुसरी गोष्ट भीती. ती अजून न घडलेल्या घटनेविषयी असते. परीक्षेपूर्वी पोटात गोळा येणे, भाषणापूर्वी हात थरथरणे ही तिची साधी रूपे. थोडी भीती माणसाला अभ्यासाला बसवते. अति झाली की तीच त्याला अभ्यासावरून उठवते.

तिसरी गोष्ट आजार, म्हणजे वैद्यकीय अर्थाने नैराश्य. जवळजवळ दररोज, दिवसाचा बहुतांश काळ, किमान दोन आठवडे मन खिन्न राहणे किंवा कशातच रस न वाटणे, हे त्याचे मुख्य लक्षण. त्याच्या जोडीला झोप उडणे किंवा अतिझोप, भूक मंदावणे किंवा वाढणे, सततचा थकवा, लक्ष न लागणे, स्वतःला दोषी व निरुपयोगी समजणे आणि जगण्यात अर्थ नसल्याचे विचार येणे, यांपैकी अनेक गोष्टी दिसतात. या अवस्थेतील माणसाला आळशी म्हणणे हे तापाने फणफणलेल्या माणसाला पांघरूण घेतल्याबद्दल रागावण्यासारखे आहे.

या तिन्हींना एकच औषध चालत नाही. खंतीला वेळ आणि सोबत लागते. भीतीला विचारांची शिस्त आणि कृती लागते. आजाराला उपचार लागतात. मात्र तिन्हींची पहिली पायरी एकच : कोणापाशी तरी बोलणे.

भीतीची घडण

भीती मनात कशी घर करते, हे स्पर्धा परीक्षांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. पुण्यात सदाशिव पेठेतील अभ्यासिकांतून पहाटेपासून रात्रीपर्यंत बसणारे हजारो तरुण आहेत. कोणी मराठवाड्यातून, कोणी विदर्भातून, कोणी खानदेशातून आलेला. वडिलांनी शेतीच्या उत्पन्नातून खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे पाठवलेले. गावात सगळ्यांना ठाऊक, की अमक्याचा मुलगा ‘कलेक्टरची परीक्षा’ देतो आहे.

आता त्या परीक्षेचे गणित पाहावे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष सुमारे ५ लाख ९२ हजार उमेदवार बसले. मुख्य परीक्षेसाठी १४,६२४ पात्र ठरले आणि शेवटी १,०१६ जणांची शिफारस झाली. म्हणजे परीक्षेला बसलेल्या साधारण ५८० जणांमागे एक. उरलेले ५७९ जण नालायक होते, असे कोणी म्हणू शकेल काय? जागाच तेवढ्या होत्या. प्रत्येकाने दुप्पट अभ्यास केला असता, तरी निवड १,०१६ जणांचीच झाली असती. तरीही त्या ५७९ जणांपैकी कित्येकांना वाटते, की आपण माणूस म्हणूनच नापास झालो. निकाल परीक्षेचा लागतो आणि माणूस तो स्वतःवर लावून घेतो. भीतीचे मूळ या गल्लतीत आहे.

ही गल्लत ज्यांनी नेमकेपणाने दाखवली, त्यांत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचे नाव अग्रभागी आहे. गेल्या शतकात, १९५० च्या दशकात त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत मांडली; महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ती चिकाटीने रुजवली. या पद्धतीचे सार साधे आहे. घटना माणसाला थेट खचवत नाही. घटनेकडे पाहण्याचा त्याचा हट्टाग्रह त्याला खचवतो. ‘यश मिळावे’ ही इच्छा झाली. ‘यश मिळालेच पाहिजे, नाहीतर माझ्या जगण्याला किंमत नाही’ हा हट्ट झाला. इच्छा अपुरी राहिली तर दुःख होते, आणि ते सोसता येते. हट्ट मोडला तर माणूसच मोडतो.

एलिस यांनी हा विचार प्रथम स्वतःवर पारखला होता. तरुणपणी ते अतिशय लाजाळू होते. मुलींशी बोलायला गेलो तर नकार मिळेल, या भीतीने ते कधी बोलतच नसत. वयाच्या १९ व्या वर्षी त्यांनी स्वतःला एक गृहपाठ दिला : न्यूयॉर्कमधील एका वनस्पती उद्यानात महिनाभर जायचे आणि बाकावर एकटी बसलेली तरुणी दिसली की तिच्याशी सभ्यपणे दोन शब्द बोलायचे. महिन्याभरात त्यांना १३० जणी भेटल्या. ३० जणी उठून निघून गेल्या. १०० जणींशी थोडेफार बोलणे झाले. एकीने पुन्हा भेटण्याचे कबूल केले आणि तीही आली नाही! हिशेबाच्या वहीत यश शून्य. पण महिनाअखेरीस त्यांची भीती मात्र उरली नव्हती. नकार मिळाला तरी आकाश कोसळत नाही, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. १३० वेळा अनुभवले होते.

भीतीवरील उपायाचे मर्म येथे आहे. भीती गेली की काम सुरू करू, असे म्हणणारा माणूस वाट पाहत बसतो. काम छोटे करून सुरू केले, की भीती मागून कमी होत जाते. दहा धडे पाहून छाती दडपत असेल, तर एका धड्याची दोन पाने घ्यावीत. मुलाखतीची धास्ती असेल, तर घरच्यांसमोर दहा मिनिटे प्रश्नोत्तरे करावीत. कामाची चालढकल हा बहुधा आळस नसतो. भीतीने पांघरलेला तो बुरखा असतो.

मुरूडहून साताऱ्यापर्यंत

महाराष्ट्राला हे सारे परक्या देशातून शिकावे लागते, असे मात्र नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रातील एक प्रसंग या संदर्भात मनन करण्याजोगा आहे. साल १८७५. कोकणातील मुरूडचा हा विद्यार्थी मराठी सहावीच्या सार्वजनिक परीक्षेसाठी सातारा येथे जाण्यास निघाला. रेल्वे नाही, मोटार नाही. सोबत्यांसह सह्याद्रीच्या डोंगरवाटा तुडवीत, शंभराहून अधिक मैलांचे अंतर पायी कापून तो साताऱ्यास पोचला. परीक्षेस बसण्यासाठी १७ वर्षे पुरी असावी लागत. कर्वे यांचे वय भरले होते. परंतु अंगकाठी लहानखुरी. परीक्षा समितीच्या प्रमुखांना हा मुलगा १७ वर्षांचा वाटेना. दाखला असूनही त्याला परीक्षेस बसू दिले गेले नाही.

नापास होणेदेखील त्याच्या वाट्याला आले नाही! एवढे चालून गेल्यावर उत्तरपत्रिका हाती न घेताच परतायचे. यात अभ्यासाचा दोष नव्हता, वर्तणुकीचा नव्हता. दोष असलाच तर उंचीचा. आजच्या घरात असा प्रसंग घडला तर किती दिवस चूल थंड राहील, याची कल्पना करावी.

पुढच्या वर्षी कर्वे यांनी तीच परीक्षा कोल्हापूर केंद्रातून दिली आणि ते उत्तीर्ण झाले. मॅट्रिक होईपर्यंत १८८१ साल उजाडले. तेव्हा त्यांचे वय २३ होते. आजच्या मापाने पाहिले तर हा विद्यार्थी ‘मागे पडलेला’च. हाच विद्यार्थी पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचा प्राध्यापक झाला. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे केले, आणि १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न किताब मिळाला.

अपयश आले तर पुढे भारतरत्न मिळते, असा या कथेचा अर्थ लावायचा नाही. बहुतेकांना तो मिळत नाही आणि मिळण्याची आवश्यकताही नाही. अर्थ एवढाच, की वेळापत्रक हे जीवनाचे मोजमाप नव्हे. १७ व्या वर्षी दार बंद झाले म्हणजे घर बंद झाले नाही. दुसऱ्या केंद्राचे दार एका वर्षाने उघडते. २०१५ पासून दहावीची पुरवणी परीक्षा जुलैमध्येच घेतली जाऊ लागली. पूर्वी त्यासाठी ऑक्टोबरची वाट पाहावी लागे. व्यवस्थेने वाट जवळ केली आहे. घरांनीही ती जवळ करायला हवी.

दटावणीने भागले नाही

खचलेल्या माणसाशी कसे बोलावे, याविषयी भगवद्गीतेच्या आरंभाकडे एका वेगळ्या दृष्टीने पाहता येईल. पहिल्या अध्यायाचे नावच ‘अर्जुनविषादयोग’ आहे. तेथे अर्जुन स्वतःची जी अवस्था सांगतो, ती कोणत्याही वैद्याने नोंदवून घ्यावी अशी आहे. गात्रे गळाली आहेत, तोंडाला कोरड पडली आहे, अंगाला कंप सुटला आहे, हातातून धनुष्य निसटते आहे, मन भ्रमल्यासारखे झाले आहे. हे सांगणारा कोणी भित्रा मनुष्य नाही. तो त्या काळातला नामांकित धनुर्धर आहे. पराक्रमी माणसाचेही मन खचू शकते, हे आपल्या परंपरेने इतक्या उघडपणे मान्य केले आहे.

पुढे काय घडते, तेही पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण प्रथम त्याला दटावतात. हे दुबळेपण तुला शोभत नाही, ऊठ, अशा आशयाचे ते बोलणे आहे. आणि त्या दटावणीने अर्जुन उठत नाही! तो आपली व्यथा पुन्हा सांगतो आणि आपल्याला काही सुचत नसल्याचे मोकळेपणाने कबूल करतो. त्यानंतर मग खरा संवाद सुरू होतो. अर्जुन शंका काढत राहतो, एकच प्रश्न निराळ्या शब्दांत पुन्हा विचारतो आणि प्रत्येक वेळी त्याला उत्तर मिळते. सातशे श्लोकांच्या त्या ग्रंथाच्या अखेरीस निर्णयही त्याच्यावरच सोपवला जातो.

आपल्या घरांत बहुतेक वेळा काय होते? आपण दटावणीपाशीच थांबतो. “एवढ्याने काय रडतोस?”, “आमच्या वेळी यापेक्षा वाईट दिवस होते”, “चार लोकांत मिसळ म्हणजे बरे वाटेल”. ही वाक्ये वाईट नाहीत. ती अपुरी आहेत. एका वाक्यात मन उभे राहिले असते, तर पुढच्या अध्यायांची गरजच पडली नसती. बोलणाऱ्याचे पुरते ऐकून घेण्याची सवड आणि एकच प्रश्न दहाव्यांदा आला तरी न वैतागण्याचा संयम, हे घरातील वडीलधाऱ्यांचे काम आहे.

आजाराला उपचारच हवेत

परंतु येथे एक सावधानता बाळगली पाहिजे. कितीही प्रेमळ संवाद केला, तरी आजार केवळ संवादाने बरा होतोच असे नाही. मधुमेहाच्या रुग्णाला आपण नुसते प्रवचन ऐकवत नाही. नैराश्याच्या आजाराबाबत मात्र अजूनही असे होते. “मन घट्ट कर”, “नामस्मरण कर”, “सकाळी लवकर उठून व्यायाम कर” असे सांगितले जाते. व्यायाम, नियमित झोप, उपासना, सत्संग यांचा अनेकांना आधार होतो, हे खरे आहे. परंतु ज्याला अंथरुणातून उठून दात घासणेही डोंगराएवढे वाटते, त्याला हे उपाय करता येत नाहीत, म्हणूनच तर तो आजारी आहे! मग उपाय जमत नाहीत याचा नवा अपराधीपणा त्याच्या मनावर बसतो.

२०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार प्रौढांमध्ये साधारण २० जणांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याने गाठलेले असते. म्हणजे या सभागृहात दोनशे जण असतील, तर सरासरीने दहा. त्याच सर्वेक्षणात असेही दिसले, की निरनिराळ्या मानसिक विकारांत उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आहे. उपचारांची सोय अपुरी आहे, हे त्याचे एक कारण. ‘लोक काय म्हणतील’ हे दुसरे.

उपचारांविषयी काही साध्या गोष्टी प्रत्येक घरात ठाऊक असाव्यात. थायरॉईडची ग्रंथी मंदावणे, ब-१२ जीवनसत्त्वाची किंवा रक्ताची कमतरता यांमुळेही नैराश्यासारखी लक्षणे दिसू शकतात. म्हणून आरंभ आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून करण्यास हरकत नाही. आवश्यक तेथे ते मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतात. सौम्य आजारात समुपदेशन व विचारांवर काम करणारी मानसोपचार पद्धत पुष्कळदा पुरेशी ठरते. आजार मध्यम किंवा तीव्र असेल, तर औषधे लागतात. नैराश्यावरील औषधांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून ती सोडून देणे ही नेहमी होणारी चूक आहे. बरे वाटू लागल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागतात आणि बंद करायची ती डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. या औषधांची व्यसनासारखी चटक लागत नाही. झोपेच्या गोळ्यांशी त्यांची गल्लत करू नये.

आणि एक अवघड गोष्टही स्पष्टपणे बोलली पाहिजे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. कोणत्याही आत्महत्येमागे एकच कारण नसते. तरीही त्यांतल्या कित्येकांच्या मनातले ऐकणारे कोणी वेळेवर भेटले असते तर, हा विचार अस्वस्थ केल्याशिवाय राहत नाही. एखादा माणूस ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे म्हणू लागला, आवडत्या वस्तू वाटून टाकू लागला, निरोपाची भाषा बोलू लागला, तर विषय बदलू नये. ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ असे शांतपणे विचारावे. असे विचारल्याने तो विचार त्याच्या मनात नव्याने पेरला जात नाही. उलट, ओझे उतरवायला जागा मिळते. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये, घरातील औषधांचा साठा आणि शेतीची कीटकनाशके त्याच्या हाती लागणार नाहीत असे पाहावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ हा आहे. अनेक घरे पोलिसी कारवाईच्या भीतीने प्रसंग लपवतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट शिक्षा सांगणारे जुने कलम राहिलेले नाही आणि २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा अशा माणसाला तीव्र तणावाखालील मानून त्याच्या उपचारांची जबाबदारी सांगतो. तेव्हा लपवण्याचे कारण उरलेले नाही.

कार्यकर्त्याचे मन

या श्रोतृवर्गात सामाजिक काम करणारे अनेक जण आहेत. त्यांच्याविषयी वेगळे बोलणे अगत्याचे आहे. दुसऱ्यांना धीर देणाऱ्याने स्वतः खचायचे नसते, असा एक अलिखित नियम कार्यकर्त्यांच्या मनात असतो. प्रवास, बैठका, अवेळी जेवण, अपुरी झोप हे सारे तो हसत सोसतो. पण हाती घेतलेला प्रकल्प फसला, तयार केलेली माणसे पांगली, की तो मूक होतो. ‘घरकाम आहे’ असे सांगून बैठक टाळतो. इतरांना वाटते, तो थंडावला. त्याला काय झाले, हे विचारायला त्याच्या घरी कोणी जात नाही.

येथे एका संस्थेचे उदाहरण बोलके आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून एसएलव्ही-३ या भारतीय प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण झाले आणि ते अयशस्वी ठरले. यान बंगालच्या उपसागरात कोसळले. प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. पत्रकारांना सामोरे जाण्याची वेळ आली, तेव्हा इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन स्वतः पुढे झाले, अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्या शिरावर घेतली आणि सहकाऱ्यांवरील विश्वास जाहीरपणे व्यक्त केला. १८ जुलै १९८० रोजी पुढचे उड्डाण यशस्वी झाले, रोहिणी उपग्रह कक्षेत पोचला. त्या दिवशी धवन यांनी पत्रकारांसमोर कलाम यांना पाठवले. डॉ. कलाम पुढे ठिकठिकाणी हा प्रसंग आवर्जून सांगत.

अपयश सांगण्याचे काम वडिलांनी केले आणि यश सांगण्याचे काम धाकट्याला दिले. त्या एका वर्षात संस्थेतील तंत्रज्ञांनी ‘कोण चुकला’ यापेक्षा ‘काय चुकले’ याचा शोध घेतला. हीच रीत पुढेही दिसते. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चंद्रयान-२ च्या ‘विक्रम’ अवतरकाशी चंद्रपृष्ठाजवळ असताना संपर्क तुटला. त्यानंतर चंद्रयान-३ ची आखणी करताना काय काय बिघडू शकते, याचाच आधी विचार झाला. अवतरकाचे पाय अधिक मजबूत केले, इंधन वाढवले, उतरण्याची जागा कितीतरी विस्तृत धरली. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ते यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात अलगद उतरले. ज्या संस्थेत अपयश निर्भयपणे सांगता येते, तेथेच त्यातून काही शिकता येते. घराची गोष्ट याहून वेगळी नाही.

घराची पथ्ये

आता उरतो प्रश्न आचरणाचा. यासाठी मोठे व्रत घेण्याची आवश्यकता नाही. काही लहान पथ्ये पुरेशी आहेत.

दिवसातून एकदा सर्वांनी एकत्र जेवावे आणि त्या वेळी दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी दूर ठेवावेत. या जेवणात ‘किती गुण मिळाले’ हा प्रश्न नसावा. ‘आज काय अवघड गेले?’ हा असावा. आणि याचे उत्तर प्रथम वडिलांनी द्यावे. कार्यालयात झालेली चूक, फसलेला व्यवहार, हुकलेली बढती यांविषयी आई-वडील जेव्हा सहजपणे बोलतात, तेव्हा मुलांना कळते, की या घरात अपयश सांगता येते. वडील नेहमी जिंकलेल्याच गोष्टी सांगत असतील, तर मुलगा हरलेली गोष्ट कोणत्या तोंडाने सांगणार?

निकालाच्या दिवशी घरचा दूरध्वनी आई-वडिलांनी घ्यावा. नातेवाइकांना उत्तर देण्याचे काम मुलावर टाकू नये. मुलासमोर दुसऱ्याच्या मुलाचे गुण उच्चारू नयेत. आणि निकालापूर्वीच, पेपर चालू असतानाच, एकदा स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे : “निकाल काहीही लागो, पहिल्यांदा घरी ये.” हे वाक्य निकालानंतर सांगून तितके उपयोगी पडत नाही.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींशी आरंभीच दोन गोष्टी ठरवाव्यात : किती प्रयत्न करायचे आणि समांतर दुसरी वाट कोणती ठेवायची. अशी मर्यादा ठरवणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे. परतीचा रस्ता ठाऊक असलेला गिर्यारोहकच निर्धास्तपणे वर चढतो.

नोकरी वा धंद्यात ठोकर बसलेल्या कर्त्या माणसाला घरच्यांनी हिशेबाची वही उघडून सोबत बसण्याची तयारी दाखवावी. खर्च कोठे कमी करता येईल, हे पत्नीला आणि जाणत्या मुलांना विचारल्याने त्याची प्रतिष्ठा कमी होत नाही. ओझे मात्र निश्चित वाटले जाते. गृहिणीच्या उदासीकडे तर सर्वांत उशिरा लक्ष जाते, कारण तिचे काम थांबलेले दिसत नाही. स्वयंपाक वेळेवर होत असला तरी तिचे गुणगुणणे थांबले आहे का, हे घरातल्यांना कळले पाहिजे.

परिचितांपैकी कोणी बरेच दिवस दिसला नाही, तर त्याच्या घरी जावे. उपदेश घेऊन जाऊ नये. चहा घ्यायला जावे. तो बोलला तर ऐकावे, न बोलला तर अर्धा तास बसून यावे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे. गरज दिसली तर डॉक्टरांकडे जाताना सोबत करावी. मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्याची पायरी एकट्याने चढणे फार जड जाते. सोबत कोणी असेल तर ती इतर कोणत्याही दवाखान्याची पायरी होते.

येथून घरी गेल्यावर, आज रात्रीच्या जेवणात, प्रत्येक कर्त्या माणसाने आपल्या आयुष्यातील एक फसलेली गोष्ट मुलांना सांगावी. तिला बोधकथेचे रूप देऊ नये, तिच्या शेवटी यश जोडू नये. फसली एवढेच सांगावे, आणि त्या वेळी आपल्या सोबत कोण होते तेही सांगावे. मुले लगेच काही बोलणार नाहीत कदाचित. पण ज्या दिवशी त्यांच्यावर तशी वेळ येईल, त्या दिवशी कोणाकडे जायचे, हे त्यांना विचारावे लागणार नाही.